वरच्या खिडकीतला नाका

आबा थोरवतांच्या दाराची घंटा वाजवली तर दार उघडायचं नाही. वरच्या मजल्याची खिडकी उघडायची आणि तिच्यातून नायलॉनच्या दोरीला बांधलेली एक कापडी पिशवी हळूहळू खाली यायची. पिशवीवर कऱ्हाडच्या कुठल्याशा साडीच्या दुकानाचं नाव होतं. आलेल्या माणसानं आपलं ओळखपत्र त्या पिशवीत टाकायचं. पिशवी वर जायची. आबा भिंग लावून ओळखपत्र दोन्ही बाजूंनी बघायचे, खिडकीतून वाकून माणूस बघायचे, पुन्हा ओळखपत्र बघायचे आणि समाधान झालं तर पिशवी खाली सोडत विचारायचे, "माल काय हाय?"

डब्लिनच्या पश्चिमेला ओंगारमध्ये, एकसारख्या विटांच्या एकसारख्या घरांच्या वसाहतीत हे चालायचं. पार्सलवाल्या आयरिश पोरांना मराठीचं अक्षर कळत नसे, पण प्रश्न बरोबर कळायचा. ती खालून खोकं हलवून दाखवायची. एकदा आबांची मुलगी सुवर्णा रात्रपाळीहून परत आली आणि किल्ली विसरली होती. ती सरकारी इस्पितळात डॉक्टर. मास्कचे वळ गालावर, पाय सुजलेले. तिलाही पिशवीच आली. तिनं मुकाट्यानं इस्पितळाचं कार्ड टाकलं. "फोटो जुना हाय," आबा वरून म्हणाले, "पर सोडतो."

मी शेजारी राहतो, भिंतीला भिंत. वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात इंजिनियर आहे. बोलणं कमी. बायको, अनघा, म्हणते की तुझ्याशी बोलणं म्हणजे दुपारी बंद दुकानाच्या शटरशी बोलणं. तरी आता बोलतो आहे, कारण आबांबद्दल आमच्या वसाहतीत एक गोष्ट चुकीची समजली गेली आणि ती माझ्या हातानं टाइप झाली.

आबांची सारी नोकरी जकात नाक्यावर गेली. ट्रक थांबवायचा, माल बघायचा, पावती फाडायची. जकात बंद झाली, नाका गेला, पण आबा त्याच्यावरून उतरले नाहीत. २०२०च्या सुरुवातीला ते थोड्या दिवसांसाठी लेकीकडे आले आणि विमानं बंद पडली. सत्तरीच्या पुढच्यांनी घरातच थांबावं असं सरकारनं सांगितलं. सुवर्णा कोविडच्या वॉर्डात, म्हणून तिनं स्वतःला खालच्या खोलीत कोंडून घेतलं. बाप वर, लेक खाली, मधे जिना. ती पायरीवर ताट ठेवून खाली जायची, मग आबा येऊन उचलायचे. उरलेला दिवस खिडकी.

खिडकीतून समोरचा रस्ता दिसतो, हिरवळीचा तुकडा दिसतो आणि टोकाला नोरीनचं घर. नोरीन ही एकटी राहणारी विधवा बाई, सोबतीला एक म्हातारा कुत्रा. आबांना तेवढा रस्ता पुरला. येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे ते ट्रक म्हणूनच बघत. "ताडपत्रीवर जाऊ नगासा," ते मला शिकवत, "ताडपत्री सगळ्यांचीच चांगली असती. खाली काय हाय ते बगा."

वसाहतीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता, घरटी एक नंबर. त्यावर दारावर येणाऱ्या भामट्यांबद्दल इशारे यायचे. आबांना इंग्रजी वाचता यायचं, लिहायचा कंटाळा होता. म्हणून ते मला आवाजी निरोप पाठवत, मी त्याचं इंग्रजी करून त्यांच्या नावानं ग्रुपवर टाकत असे. प्रत्येक निरोपाची सुरुवात ठरलेली. "लिहा इंजिनियर."

"लिहा इंजिनियर. पांढरी व्हॅन. दोन गडी. म्हंत्यात छपराची कौलं सरकल्यात. गड्याच्या हातात शिडी हाय, पर शिडीवर एक वरखडा न्हाई. नवी शिडी आन जुना कारागीर, ही जोडी बसत न्हाई. दार उघडू नका."

मी लिहीत असे. मला वाटायचं लोक हसतील. लोक हसलेही, पण दार मात्र उघडेनात.

सगळे अंदाज बरोबर यायचे असं नाही. विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसाला त्यांनी इतका वेळ उभं केलं की अनघानं त्याला कुंपणावरून चहा दिला. एकदा म्हाताऱ्यांची चौकशी करायला एक तरुण गार्डा आला, म्हणजे इथला पोलीस. त्याचंही कार्ड पिशवीतून वर गेलं. आबांनी निकाल दिला, "फोटो ह्येचा न्हाई. फोटूतल्याला तोंड हाय." मी कुंपणापाशी उभं राहून भाषांतर केलं. तो बिचारा चार पावलं मागं सरकला, मास्क काढला, डावीकडून आणि उजवीकडून चेहरा दाखवला. आबांनी पिशवी सोडली. त्यात कार्डाबरोबर एक खारी बिस्कीट होतं. पोलीस म्हणाला, "ग्रँड," आणि बिस्कीट खात गेला.

नोरीनच्या दारात मात्र खरे भामटे आले. मोटरवेच्या कामातून थोडं डांबर उरलंय, स्वस्तात अंगणात टाकून देतो, आगाऊ पैसे द्या. ही इथली जुनी युक्ती. नोरीन पर्स आणायला आत वळली होती. आबांनी खिडकी उघडली आणि पोटातून आवाज काढला, आयुष्यभर डिझेल इंजिनांच्या घरघरीवर चढवलेला. "गाडी बाजूला घ्या." बस्स, एवढंच, मराठीत. दोघं दचकले, वर बघितलं, गाडीत बसले आणि गेले.

मी संध्याकाळी विचारलं, "आबा, कसं ओळखलंत?"

"डांबर उरतं व्हय कुटं?" ते म्हणाले. "आमच्याकडं कवा पुरल्यालं बगितलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी नोरीननं आबांच्या खिडकीखाली येऊन पिशवीत स्वतः भाजलेला पाव ठेवला. त्यानंतर वसाहत त्यांना 'कस्टम्स' म्हणू लागली. माझी मुलगी ईरा, जी आमचं मराठी सगळं समजते आणि उत्तर डब्लिनच्या इंग्रजीत देते, ती म्हणाली, "बाबा, युअर मॅन इज अ लेजंड." 'युअर मॅन' म्हणजे इथल्या बोलीत 'तो गडी'. आबांना मी सांगितलं, तर म्हणाले, "लेजंड म्हंजी रिटायर झाल्याला का?"

आता माझ्याकडे येतो.

२०२१च्या वसंतात माझी आई नाशकात वारली. अंत्यसंस्कार मी इथून पडद्यावर बघितले, तेही मधेमधे अडकत. भावानं विचारलं, दहाव्याचं काय करू? मी म्हणालो, तुला करायचं तर कर, माझा विश्वास नाही. हे मी आयुष्यभर म्हणत आलो होतो, अगदी बापाच्या वेळीही. जवळच्या मेनूथ गावातल्या मराठी मित्रांच्या बैठकीत मी पिंडदान आणि कावळा यांवर तास घेतलेला माणूस. अनघा म्हणाली, "काहीतरी करू या ना रे, निदान पानावर वाढून ठेवू." मी म्हटलं, "उगाच काहीतरी नको." तिनं पुन्हा विचारलं नाही.

दहाव्या दिवशी सकाळी, घर झोपलेलं असताना, मी उठून भात शिजवला. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. त्याचे गोळे केले, काळे तीळ लावले. काळा रेनकोट घातला, टोपी ओढली, मास्क होताच. हिरवळीच्या टोकाला गेलो, कारण कावळे नोरीनच्या फाटकाच्या खांबावर बसतात. ती त्यांना पावाचा चुरा टाकते. त्या खांबावर गोळा ठेवला आणि झाडाखाली उभा राहिलो.

कावळे आले. राखाडी मानेचे, पोटभरू, रस्त्यावरचे चिप्ससुद्धा न सोडणारे. त्यांनी भाताकडे बघितलं आणि उडून गेले.

विश्वास नसलेल्या माणसानं इथं घरी यायला हवं होतं. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. तिसऱ्या दिवशी भातात थोडं तूप घातलं. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याचं काही मागं राहिलंय, हे मला लहानपणापासून माहीत होतं, आणि ते खोटं आहे हेही माहीत होतं. दोन्ही माहिती डोक्यात एका वेळी धरून रोज पहाटे भात शिजवत होतो. कारखान्यात मला कोणी असं करताना सापडलं असतं, तर मी स्वतःच त्याला सुट्टीवर पाठवलं असतं.

मग तो निरोप आला.

"लिहा इंजिनियर. काळा कोट, टोपी डोक्यावर. उजाडायच्या आत येतो, नोरीनबाईच्या फाटकाशी थांबतो, काय तरी ठेवतो आन झाडाखाली दबा धरतो. उंची बेताची. चाल चोराची."

मी हा निरोप कारखान्याच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून ऐकला, पुन्हा ऐकला. आणि लिहिला. काय करणार, नाही लिहिला तर त्यांनी विचारलं असतं. फक्त उंची थोडी वाढवली. 'चाल चोराची' याचं इंग्रजी करायला मला बराच वेळ लागला.

त्याच दुपारी नोरीननं फोटो टाकला. तिच्या खांबावर पांढरा गोळा, त्यावर काळे ठिपके. हे काय असेल, कुणाला माहीत आहे का? ग्रुप पेटला. कुणी म्हणालं, चोरांच्या टोळ्या घरं हेरून अशा खुणा करून ठेवतात. कुणी म्हणालं, ठिपके म्हणजे घरात किती माणसं ते. कुणी ठिपके मोजून सांगितलं की मग नोरीनकडे फारच माणसं राहतात. नोरीननं लिहिलं की आज रात्री बहिणीकडे जाता आलं असतं तर बरं झालं असतं, पण पाच किलोमीटरच्या बाहेर जायला बंदी. शेवटी सगळ्यांनी मिळून विचारलं, कस्टम्सचं मत काय?

संध्याकाळी मी फोन घेऊन आबांच्या खिडकीखाली उभा राहिलो. पिशवी आली, फोन वर गेला. आबांनी भिंग लावलं. फोटोतले ठिपके एकेक करून बघितले. वसाहतीत मराठी घरं दोनच. त्यातलं एक त्यांचं. मला हे तेव्हा सुचलं का? सुचलं, पण मी स्वतःशी म्हणत होतो की फोटो अंधुक आहे.

"लिहा इंजिनियर," आबा वरून म्हणाले. "ती चोराची खूण न्हाई. त्यो भात हाय. पक्ष्यास्नी मी ठेवतो."

मी वर बघितलं.

"काळ्या कोटातला गडी?" मी विचारलं. माझा आवाज कसा आला असेल देव जाणे.

"त्यो बी मीच. लिहा."

"आबा, सकाळी तुम्हीच तर इशारा..."

"लिहा म्हंतो न्हवं."

आणि मी लिहिलं. तिथंच उभं राहून, दोन अंगठ्यांनी. एका शब्दात खरं सांगता आलं असतं, पण मी भाषांतरकाराचा धर्म पाळला, म्हणजे स्वतःला तेवढं बजावलं.

ग्रुप गोंधळून गेला. सकाळी इशारा देणारा माणूस संध्याकाळी स्वतःच संशयित? बेताच्याहून जास्त उंचीचा तो माणूस, आणि आबा तर पाच फुटांच्या जरा वर. एकानं विचारलं, म्हणजे त्यांनी स्वतःला खिडकीतून बघितलं का? एकानं उंदीर येतील म्हणून कुरकुर केली. एका भल्या बाईनं लिहिलं, जाऊ दे, वय झालंय बिचाऱ्यांचं. या एका वाक्यानं सगळं उलगडलं असं सगळ्यांना वाटलं. पुढच्या आठवड्यात आबांनी गटार साफ करणाऱ्या एका खोट्या माणसाबद्दल इशारा दिला, तर त्याखाली नुसते हात जोडलेले आणि हसरे चेहरे आले. तीन घरांनी दारं उघडली.

मी पहाटे जाणं बंद केलं होतं. भातही. आता आबा मला सगळं कळूनसवरून वाचवत होते की खरंच काही विसरत होते, हेही मला कळेना. त्यांना विचारावं तर मला आधी सांगावं लागलं असतं.

मग सुवर्णाचा फोन आला. इस्पितळातून, दोन कामांच्या मधे.

"दादा, एक विचारू? बाबा तुमच्याशी नीट बोलतात ना?"

"हो. का गं?"

"नोरीननं मला थांबवून सांगितलं सगळं. ते घराबाहेर पडतात, भात ठेवतात, मग स्वतःलाच ओळखत नाहीत." ती थांबली. "मी रोज खाली झोपते आणि मला पत्ता नाही. मेमरी क्लिनिकची तारीख घेतली आहे. आणि तोवर खिडकीला कुलूप लावू का, असं वाटतंय. पडले वाकताना तर?"

खिडकीला कुलूप. माझ्या डोळ्यांपुढं ती पिशवी आली, आत हुकाला अडकवलेली.

"सुवर्णा," मी म्हणालो, "तो भात माझा होता."

मग मी सांगत गेलो. आई, दहावा, रेनकोट, तूप, सगळं. पलीकडे कुणीतरी तिला दोनदा हाक मारली. ती गेली नाही. शेवटी म्हणाली, "दादा, मी त्यांना चार दिवस विचारतेय आज वार कोणता, पंतप्रधान कोण. आणि ते मला सांगतायत." मग ती हसली की रडली ते मला फोनवर कळलं नाही.

घरी येऊन मी अनघालाही सांगितलं. ती म्हणाली, "तूप कमी झालंय हे मला कळलं होतं." तिनं फक्त तांदळाचा डबा काढून ओट्यावर ठेवला.

मग मी शेजारी गेलो. घंटा वाजवली. पिशवी आली नाही. आबांनी खाली येऊन दार उघडलं, वर्षभरात माझ्यासाठी पहिल्यांदा.

"सांगितलंसा व्हय लेकीला," ते म्हणाले. "बरं केलंत. सारखी वार इचारत हुती. मलाच शंका यायला लागलेली."

"आबा, तुम्ही का अंगावर घेतलंत?"

"तुमचा माल हुता. तुमी उघडून दाखवला न्हाई, मी कशाला ताडपत्री वढू?" आणि लगेच, "शिवला का?"

"नाही."

"बोललासा काय?"

"कुणाशी?"

"आईशी. आनखी कुणाशी? मुक्यानं ठिवून येतासा, झाडाखाली चोरावानी हुबं ऱ्हातासा, आन कावळ्यानं समजून घ्यायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं गेलो. या वेळी उजाडल्यावर. आबांना लस मिळाली होती, तरी हिरवळ ओलांडताना ते दर पावलाला मागं वळून आपल्या खिडकीकडे बघत होते, जणू ठाणं सोडून आल्यासारखे. नोरीनच्या खांबावर न ठेवता बाजूच्या बुटक्या भिंतीवर मी गोळा ठेवला. आबा मास्कच्या आतून म्हणाले, "बोला."

सगळे म्हणतात तसं काहीतरी म्हणायचं असतं. धाकट्याकडे बघतो, घराकडे बघतो, काळजी करू नको. माझ्या तोंडून तसलं काही निघेना. कारण आईचं काय राहिलं होतं हे मला खरंच ठाऊक नव्हतं. शेवटी तेच बोललो. म्हणालो, "आई, तुला काय हवं होतं ते मी कधी विचारलंच नाही. जेवलो, बरा आहे, एवढंच सांगत आलो."

कावळे जागचे हलले नाहीत. कुठूनसा एक मॅगपाय आला, काळापांढरा, लांब शेपटीचा. टुणकन उतरला, अर्धा गोळा उचलला आणि गेला.

"हा चालतो का?" मी विचारलं. विश्वास नसलेल्या माणसाचा हा प्रश्न.

आबांनी विचार केला. "कावळ्याचाच चुलतभाऊ दिसतोय. मिळाली पावती. आता घोळ घालू नगासा."

मी डबा बंद करायला लागलो. आबा निघाले नाहीत. भिंतीकडे बघत उभे.

"उरलाय का एखादा?"

डब्यात होता. मी पुढं केला. त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला.

"इस्माईल गेला आमचा," ते म्हणाले. "मुल्ला. नाक्यावर संगट हुतो आमी. मागल्या महिन्यात."

"सुवर्णाला माहीत आहे?"

"तिला कशाला? ती दिवसभर त्येच बगती."

माझ्यातला तास घेणारा माणूस बोललाच, "आबा, पण त्यांच्यात हे असं..."

"न्हाई करत. म्हाईत हाय. पर मला दुसरं काय येतंय?"

त्यांनी गोळा भिंतीवर ठेवला, नीट सारखा केला, आणि इस्माईलशी बोलायला लागले. आवाज नाक्याचा नव्हता. मी दोन पावलं मागं सरलो, मला ते ऐकायचं नव्हतं. काहीतरी गुडघ्याचं होतं, काहीतरी चहाचं.

तेवढ्यात फाटक वाजलं. नोरीन कुत्र्याला घेऊन बाहेर आली. तिनं आम्हाला बघितलं, भात बघितला. मी भाषांतराला तयार झालो, म्हणजे पुन्हा काहीतरी जुळवायला लागलो.

"पक्ष्यांसाठी का?" तिनं इंग्रजीत विचारलं.

आबांनी माझ्याकडे बघितलं नाही. "नो," ते म्हणाले. "फ्रेंड. डाईड."

नोरीन थबकली. त्या दिवसांत इथं मयतीला कुणाला जाता यायचं नाही. शेजारी आपापल्या फाटकात येऊन रस्त्याकडेला उभे राहायचे, गाडी समोरून निघून जाईपर्यंत, काही न बोलता. नोरीन तशीच उभी राहिली, अंतर ठेवून, हात समोर जुळवून. भिंतीच्या टोकाला एक कावळा उतरला होता आणि तिरक्या पावलांनी भाताकडे सरकत होता. कुत्रं गुरगुरलं. तिनं खाली न बघता त्याचा पट्टा मुठीत आखडून घेतला.